चीनला गेलेले आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस



स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावरच सोडला होता. संगणकाच्या क्षेत्रात वीस-बावीस वर्षे काढलेल्या बाईने शाळेच्या स्मरणिकेत काय लिहावे, हा मला प्रश्नच होता. पण गेले तीन महिने आपल्या १९९६ च्या बॅचच्या ग्रुपवर जी चर्चा चालू आहे, तिने विषय आपोआप पुढे आणून ठेवला. आपल्या बॅचमध्ये दोन दातांचे डॉक्टर आहेत, एक सर्जन आहे, एक भूलतज्ज्ञ आहे, दोघी नर्सिंगमध्ये आहेत. संमेलनाच्या निमित्ताने निधी जमवून नेपाळच्या डोंगराळ भागात दहा दिवसांचे मोफत वैद्यकीय आणि दंत शिबिर घ्यावे, असा प्रस्ताव आहे. निम्मे लोक लगेच तयार झाले. उरलेल्यांनी विचारले की दहा दिवसांत होणार काय, आणि परदेशातच कशाला? दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते. म्हणून मी उत्तर शोधायला फार लांब न जाता आपल्याच गावच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांचे नाव आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. नाव ऐकलेले असते, गोष्ट मात्र पुष्कळदा अर्धीच माहीत असते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, कुटुंब मोठे, दोन भाऊ आणि पाच बहिणी. तेव्हाचे सोलापूर म्हणजे कापडगिरण्यांचे गाव. भोंग्यावर घड्याळ लावणारे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणारे. ते तरुण असतानाच १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. शाळेच्या सहलीत आपल्याला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभे करून बाईंनी ही नावे पाठ करून घेतली होती, आठवत असेल. अशा गावातला हा मुलगा मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. पुढे शस्त्रक्रियेतले उच्च शिक्षण घ्यायचे, मग दवाखाना थाटायचा, बहिणींची लग्ने व्हायची. त्या काळच्या कोणत्याही घराने आखावे तसेच हे आखलेले होते.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधे पाठवण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जूनला देशाला आवाहन केले. ७ ते ९ जुलै हे दिवस चीनसाठी निधी जमवायला ठरवले गेले आणि २२ हजार रुपये जमले. देश पारतंत्र्यात, आपलेच दवाखाने अपुरे, तरीही दुसऱ्या देशातल्या जखमींसाठी लोकांनी पैसे काढून दिले. परदेशातच कशाला, हा प्रश्न तेव्हाही कोणी ना कोणी विचारलाच असेल. ज्यांनी पैसे दिले त्यांना जपानी बाँबखाली सापडलेला चिनी शेतकरी आपल्यासारखाच वाटला, एवढे मात्र दिसते.

त्या निधीतून एक रुग्णवाहिका, औषधे, उपकरणे आणि पाच डॉक्टर असे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांपैकी दोघे मराठी. कोटणीसांना तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष लागायचे म्हणजे पुरे व्हायचे होते. आपल्या मुलांपैकी काहींना आता विसावे लागेल. घरी येऊन त्या वयाच्या मुलाने युद्ध चालू असलेल्या देशात जातो म्हणून सांगितले तर आपण काय म्हणू, हे मी मनाशी ताडून पाहिले. मला उत्तर देता आले नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. कॅन्टनला पोहोचल्यावर सुन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तिथून चांगशा, मग हांकौ. हांकौ शहर पडण्याच्या बेतात आले तसे पथक मागे सरकत यिचांगला आणि पुढे चुंगकिंगला गेले. म्हणजे पहिले काही महिने बरेचसे प्रवासातच गेले. आपण नकाशावर रेघ ओढतो तसे मैदानातले काम नसते. रस्ते तुटलेले, बाँबहल्ले, कागदपत्रे, परवानग्या. तिथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली, प्रत्येकाच्या नावाशेवटी चीन या अर्थाचे ‘हुआ’ हे अक्षर. कोटणीस झाले के दिहुआ. चीनमध्ये आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

चुंगकिंगमध्ये असतानाच त्यांना घरून वडिलांच्या निधनाची बातमी कळली. सोलापुरात आई, भाऊ, बहिणी. परत फिरायला याहून रास्त कारण असू शकत नाही आणि कोणी नावे ठेवली नसती. ते परतले नाहीत. ठरलेले काम सुरूही झालेले नव्हते आणि पथक येनानकडे निघायचे होते. या निर्णयावर भारावून जाऊन लिहिणे सोपे आहे. पण माझे वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या देशात होते, आणि पुढचे विमान पकडून चौदा तासांत घरी पोहोचले. म्हणून कोटणीसांच्या निर्णयाची किंमत कोणी भरली, तेही मला दिसते. ती सोलापुरातल्या घरानेही भरली. सेवेला गेलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना मागे राहिलेल्या घराचे चरित्र आपण लिहीत नाही. ते लिहिले पाहिजे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये तिथे माणसे राहत, शाळा भरत आणि दवाखानेही चालत. माओ त्से तुंग आणि इतर नेत्यांनी त्यांचे स्वागत केले. तिथल्या सेनेच्या रुग्णालयात काम सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी भारतात परतले. १९४० मध्ये आजारपणामुळे डॉ. अटल परतले. डॉ. बसू १९४३ पर्यंत राहिले. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आपण फक्त जो परतला नाही त्याला लक्षात ठेवतो. परत आलेल्या चौघांनीही घरदार सोडून, जिवावर उदार होऊन जखमींवर उपचार केले होते. ठरलेल्या मुदतीचे काम नीट करून घरी येणे यात काही कमीपणा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढेच जमण्यासारखे आहे, आणि तेही थोडे नाही.

१९३९ च्या अखेरीस कोटणीस आघाडीकडे निघाले, शान्शी आणि होपेई प्रांतांच्या डोंगराळ भागात. तिथे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रियेचे सगळे सामान खेचरांच्या पाठीवर लादता येईल अशी फिरती व्यवस्था त्यांनी उभी केली होती. रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो जंतुसंसर्गाने दगावतो, म्हणून डॉक्टरांनीच लढाईजवळ जायचे, असा त्यांचा हिशेब. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून त्यांच्याच रक्तात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. प्रतिजैविके हाताशी नव्हती. बोटावरची एक जखम त्या काळी माणूस घेऊन जाई.

बेथ्यून यांची जागा पुढे कोटणीसांनी घेतली. १९४० च्या उन्हाळ्यात ते सेनापती नी रोंगझेन यांच्या भागात पोहोचले. त्याच वर्षी तिथे मोठी लढाई पेटली. तेरा दिवसांत त्यांच्याकडे ८०० हून अधिक जखमी आले, आणि त्यात एकदा त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. जपानी सैन्याने नाकेबंदी केलेली, औषधे येण्याचे मार्ग बंद. हल्ला आला की रुग्णांना स्ट्रेचरवर घेऊन रातोरात दुसरे गाव गाठायचे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर जी इमारत येते तसे काही नव्हे. गावातली घरे, मातीच्या खोल्या, उकळून वापरलेली बँडेजे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली. दुभाष्याच्या भरवशावर दोन-चार वाक्ये बोलण्यापुरती नव्हे, तर बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शस्त्रक्रिया हा विषय चिनीतून शिकवण्याइतकी. विद्यार्थी बहुतेक शेतकरी घरांतले, काहींचे शाळेचे शिक्षणही अपुरे. त्यांच्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे सांगणारे पाठ्यपुस्तक लिहिले. दुसरे, अधिक तपशिलाचे, लिहायला घेतले ते अपुरे राहिले. आमच्या धंद्यात नोकरी सोडणाऱ्या माणसाला जाण्याआधी आपल्याजवळचे सगळे ज्ञान मागे राहणाऱ्याच्या हाती सोपवावे लागते. आम्ही त्याला केटी म्हणतो. इंजिनिअरिंगमध्ये आपल्यातल्या काहींना लागलेली केटी वेगळी, गल्लत करू नका. ज्याने केटी दिली नाही त्याने बांधलेली प्रणाली तो गेल्यावर महिनाभरात आडवी होते. कोटणीस गेल्यावर त्यांचे विद्यार्थी शस्त्रक्रिया करत राहिले. पुस्तक हातात होते, हात तयार होते. ७२ तासांच्या जागरणापेक्षा मला हे मोठे वाटते.

त्याच शाळेत गुओ चिंगलान परिचर्या शिकवत. दोघांची ओळख १९४० मध्ये झाली, १९४१ च्या अखेरीस लग्न झाले. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती नी रोंगझेन यांनी ठेवले : यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण शरीर थकत चालले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांती घ्यावी, उपचारांसाठी मागे जावे असे वरिष्ठांनी सुचवले, पण त्यांनी काम आणि लिखाण थांबवले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, लागोपाठ आलेल्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. गावकऱ्यांनी आणि सैनिकांनी त्यांना तिथल्याच मातीत पुरले. पुढे त्यांचे अवशेष शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. तिथे बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्या समाध्या आहेत. त्या शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शाळाही आहे.

भारतात त्यांची गोष्ट पोहोचली ती मुख्यतः चित्रपटाने. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्री चिंगलान. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला कोटणीस ठाऊक आहेत ते या चित्रपटामुळे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. सोलापुरातले त्यांचे राहते घर आता स्मारक आहे. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पदवी हाती येण्याआधीच, तो वारला. हे चित्रपटात नाही, कारण ते नंतर घडले. चिंगलान मात्र ९६ वर्षे जगल्या. त्या अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटल्या, आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन्ही देशांत १९६२ चे युद्ध होऊन गेले, संबंध बिघडले, सुधारले, पुन्हा बिघडले. तरी भारतात येणारे चिनी नेते कोटणीसांचे नाव घेतात आणि त्यांच्या नातेवाइकांना भेटतात.

हे सगळे वाचल्यावर मी आपल्या शिबिराकडे पुन्हा पाहिले. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका पथकाबरोबर नेपाळला गेले होते. मला ना दात काढता येतो ना नाडी बघता येते, म्हणून नोंदणीचे टेबल आणि लॅपटॉप माझ्याकडे. रोज सकाळी शाळेच्या पटांगणात रांग लागे. काही लोक आदल्या दिवशी चालायला लागलेले. दुखरी दाढ निघाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येते ते मी पाहिले आहे, त्यामुळे दहा दिवसांत काहीच होत नाही हे मला मान्य नाही. वर्षभर दाढ धरून बसलेल्या बाईची त्या रात्रीची झोप ही खरी गोष्ट आहे. पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रुग्णांना आम्ही महिनाभराच्या गोळ्या दिल्या. माझ्या यादीत त्यांची नावे, वये, आकडे होते. महिना संपल्यावर त्या गोळ्या कोण देणार, हा रकाना यादीत नव्हता. एका आजोबांनी मला पुढच्या वेळी कधी येणार असे विचारले. मी आयोजकांकडे पाहिले, आयोजकांनी दुसरीकडे पाहिले.

म्हणून आपल्या शिबिराला माझा होकार आहे, पण तीन अटींवर. पहिली, जिथे जाऊ तिथल्या आरोग्यकेंद्रातल्या माणसांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायचे आणि रुग्णांच्या नोंदी जाताना त्यांच्याच हाती द्यायच्या. त्यांच्या भाषेत, त्यांना वापरता येतील अशा. हे काम मी करीन. दुसरी, आपल्या दोन्ही दंतवैद्यांनी रोजचे दोन तास दात काढण्याऐवजी शिकवायला द्यावेत : तिथल्या शिक्षकांना, आरोग्यसेविकांना. त्याने रोजचे रुग्ण कमी तपासले जातील आणि अहवालातला आकडा लहान दिसेल. दिसू दे. तिसरी, एकदाच भरपूर खर्च करण्याऐवजी त्याच गावी तीन वर्षे जायचे. निधीचे तीन भाग करायचे. ज्यांना रजा मिळणार नाही, ज्यांच्या घरी आजारी आई-वडील आहेत, त्यांनी मागे राहून औषधांची आणि हिशेबाची बाजू सांभाळावी. त्यांचेही नाव पथकातच असेल.

परदेशातच कशाला, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की अक्कलकोट आणि मंगळवेढ्याच्या गावांतही असेच शिबिर लागते आणि तेही आपण करू. १९३८ मध्ये २२ हजार रुपये देणाऱ्यांनी आपले आणि परके अशा दोन वह्या ठेवल्या नव्हत्या.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, शेंगाचटणी आणि भाकरीच्या न्याहारीनंतर, आपण सगळे कोटणीस स्मारकात जाणार आहोत. सरांनाही घेऊन जाऊ, रिक्षाची सोय केली आहे. निघण्यापूर्वी तिथेच पंधरा मिनिटे बसून या तीन अटींवर हात वर करून मत घ्यायचे आहे. येताना होकार किंवा नकार, दोन्हीपैकी एक ठरवून या.